शेततळ्यातले मासे पहाटे वर येतात, दर वर्षी मरतात: कारण कुठे शोधायचं आणि काय करायचं

पहाटे साडेचार-पाचला तळ्यावर गेलं की पाणी जागोजागी बारीक फुटताना दिसतं. मासे एका कोपऱ्यात गोळा होऊन तोंड वर काढत असतात, माणसाची चाहूल लागली तरी खाली जात नाहीत. ऊन वर आलं की नऊच्या सुमारास सगळं पूर्ववत. आठ दिवसांनी पुन्हा तेच. मग एखाद्या ढगाळ सकाळी किलो-किलोचे कटले पांढरं पोट वर करून काठाला लागलेले असतात. काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागांतली शेततळी असोत की रामटेककडचे मामा (माजी मालगुजारी) तलाव, तक्रार हीच, आणि गावात निदानही एकच ऐकू येतं: "मासे जास्त झाले." हे निदान अर्धवट आहे. म्हणून मासे कमी करूनही पुढच्या वर्षी तोच प्रकार होतो.

आज पहाटे मासे वर आलेत, तर

कारणांची चर्चा नंतर. आधी खाद्य पूर्ण बंद करा. पंप लावा, पण फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपाचं टोक) तळाशी टाकू नका. रिकामा डबा बांधून तो पाण्याच्या वरच्या दोन-तीन फुटांत तरंगता ठेवा. तळाचा गाळ ढवळला गेला तर उरलासुरला ऑक्सिजनही तो खाऊन टाकतो. पाइपाचं तोंड पाण्यापासून तीन-चार फूट उंच बांधा आणि धार जाळीवर किंवा तिरप्या पत्र्यावर पाडा, म्हणजे पाणी फुटून, थेंबाथेंबाने परत पडेल. मासे जिथे गोळा झालेत, त्याच कोपऱ्यात हे करा. अख्खं तळं सुधारायला आत्ता वेळ नाही, माशांना तग धरायला एक चांगला कोपरा हवा.

विहिरीचं पाणी सोडत असाल तर तेही पत्र्यावरूनच पाडा. खोल बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन जवळपास नसतोच, कार्बन डायऑक्साइड मात्र भरपूर असतो. असं पाणी थेट तळाशी सोडलं तर मदतीऐवजी नुकसान होतं. माशांना हुसकू नका, जाळं ओढू नका. धावपळीत मासा नेहमीच्या दुप्पट-तिप्पट ऑक्सिजन वापरतो. मेलेले मासे लगेच काढून तळ्यापासून दूर खड्ड्यात पुरा. कुजणारा मासाही पाण्यातलाच ऑक्सिजन वापरतो.

ऊन चांगलं वर आल्यावर पंप बंद करायला हरकत नाही. पण अडचण संपली असं समजू नका. तीच परिस्थिती रात्री पुन्हा येणार आहे.

ऑक्सिजन संपवतं कोण

हा हिशेब एकदा कागदावर मांडला की पुढचे सगळे उपाय सुचायला लागतात. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल, एकास एक उताराचं शेततळं घ्या. तळाशी ते २४ बाय २४ उरतं आणि पूर्ण भरलं तर २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर पाणी मावतं. संध्याकाळी ऑक्सिजन ७ पीपीएम असेल (लिटरमागे ७ मिलिग्रॅम), तर अख्ख्या तळ्यात तो साधारण १५ किलो झाला. सकाळपर्यंतची शिल्लक एवढीच. रात्री प्रकाशसंश्लेषण बंद असतं आणि स्थिर हवेत पृष्ठभागावरून फार थोडी भर पडते.

आता खर्च. गडद हिरव्या पाण्याच्या तळ्यात रात्री तासाला ०.६ पीपीएम घट सहज दिसते. म्हणजे तासाला सुमारे १.३ किलो. तळ्यात ३०० किलो मासे असतील, तर ३० अंशांच्या पाण्यात किलोमागे तासाला सुमारे ३०० मिलिग्रॅम धरून ते ९० ग्रॅम वापरतात. तळाचा गाळ ५० ग्रॅमच्या आसपास घेतो. उरलेला ११०० ग्रॅमहून जास्त खर्च पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शेवाळाचा आणि त्याच पाण्यातल्या जिवाणूंचा. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, पण श्वास चोवीस तास घेतं.

मासे निम्मे केले तरी तासाला ४५ ग्रॅमच वाचतात. रात्रीची घट ०.६ वरून ०.५८ वर येईल, एवढंच. मासे कमी करण्याचा खरा फायदा वेगळाच आहे: खाद्य कमी पडतं, खाद्य कमी म्हणजे शेवाळाला खत कमी. आजार हिरव्या पाण्याचा आहे. मासे बिचारे तो फक्त दाखवतात.

उष्णता यात दोन बाजूंनी भर घालते. २० अंशांच्या पाण्यात साधारण ९.१ पीपीएम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ७.६, ३५ अंशांना ७ पेक्षा थोडा कमी. नागपूर समुद्रसपाटीपासून ३०० मीटरवर असल्याने यातही तीन-चार टक्के घट धरा. मावतं कमी आणि त्याच उष्णतेत प्रत्येक जीव श्वास घेतो जास्त.

आधी खात्री करून घ्या

ऑक्सिजनमुळे मरतूक असेल तर ती पहाटे होते, मोठे मासे आधी जातात, सिल्व्हर कार्प आणि कटला बाकीच्यांआधी वर येतात, आणि मरळ-मागूरसारखे हवेतून श्वास घेणारे मासे शाबूत राहतात. लहान-मोठे सगळेच एकदम, कुठल्याही वेळी, वेडेवाकडे फिरून मेले, सोबत बेडूक आणि पाणकिडेही मेले, तर बागेतली फवारणी वाहून आली आहे असं समजा. तिथे पंप चालवून उपयोग नाही, पाणी बदलायला हवं. दुपारी तीन-चारला मासे सुस्त होत असतील तर तो अमोनियाचा प्रकार, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. कल्ले चॉकलेटी दिसले तर नायट्राइटची विषबाधा (अमोनियापासूनच बनणारं विष). त्यावर घनमीटरमागे ५० ग्रॅम साधं मीठ विरघळवून टाकलं की त्यातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. भरलेल्या ३० बाय ३० च्या तळ्याला हे ११० किलो होतं. त्याच तळ्यातून बागेला ठिबक जात असेल तर यापेक्षा जास्त मीठ टाकू नका.

रात्रीचा अंदाज संध्याकाळीच काढा

डिजिटल मीटर नसला तरी बाजारात मिळणारं रसायनांचं ऑक्सिजन किट पुरतं. बाटली पाण्याखाली धरून, बुडबुडा न राहू देता भरायची आणि पहिली दोन द्रावणं टाकायची. आत साका धरतो. त्याचा रंग नीट पाहा, अर्धं उत्तर तिथेच मिळतं. साका बदामी-तपकिरी झाला तर ऑक्सिजन आहे, जितका गडद तितका जास्त. दुधासारखा पांढरा राहिला तर त्या पाण्यात ऑक्सिजन नाहीच, पुढचे थेंब मोजायची गरजही नाही. तळाचं पाणी घ्यायला काठीला वजनदार बाटली बांधतात आणि बुचाला दोरी लावून ती खाली नेल्यावर ओढतात. ही युक्ती चालते, पण पाणी बुडबुड करत आत शिरताना हवा मिसळते, म्हणून आकडा थोडा जास्त येतो. तसं मिळालेलं २ पीपीएम प्रत्यक्षात त्याहून कमी आहे असंच धरा.

सूर्य मावळल्यावर एक माप घ्या, तीन तासांनी दुसरं. घट जवळजवळ सरळ रेषेत होते, म्हणून दोन आकड्यांवरून सकाळ कळते. सात वाजता ७.२ आणि दहा वाजता ५.४ मिळाले, तर तासाला ०.६ ने घट आहे. मग रात्री दोनला ३.० उरेल आणि सकाळी सहाला ०.६. कार्प मासे ५ च्या वर निवांत असतात, ३ खाली ताणात येतात, १ खाली तास-दोन तासांत मरायला लागतात. याचा अर्थ एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) रात्री एकच्या आत सुरू व्हायला हवा, मासे वर आल्यावर नव्हे.

एरेटरकडून किती अपेक्षा ठेवायची? १ एचपीचं पंख्यांचं चाक कंपनीच्या आकड्यात तासाला दीड किलोच्या आसपास ऑक्सिजन देतं, पण तो आकडा ऑक्सिजन अजिबात नसलेल्या थंड पाण्यातला असतो. ३ पीपीएमच्या कोमट पाण्यात तो निम्म्यावर येतो. वर हिशेबाला घेतलेल्या तळ्यात रात्री एकला, ३.६ वर असताना चाक सुरू केलं तर घट पूर्ण थांबणार नाही, पण निम्म्याहून कमी होईल आणि सहा वाजता २ च्या वर पाणी सापडेल. मासे वाचतात. तेच चाक चारला सुरू केलं तर हाती फारसं लागत नाही. शेतीच्या फीडरला रात्री वीज असेलच असं नाही, म्हणून डिझेल इंजिनावर चालणारा पंप तळ्यावर तयार ठेवा, आणि तो महिन्यातून एकदा चालवूनही पाहा.

किट नसेल तर निदान पारदर्शकता मोजा. स्टीलच्या डब्याचं २० सेंटीमीटर व्यासाचं झाकण घ्या, चार भाग करून समोरासमोरचे दोन काळे आणि दोन पांढरे रंगवा, खाली वजन बांधा, दोरीला दर ५ सेंटीमीटरवर गाठ मारा. सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान, ऊन पाठीवर घेऊन झाकण खाली सोडा आणि ते दिसेनासं होतं तिथली खोली वाचा. २५ ते ४० सेंटीमीटर चांगलं. २० च्या खाली आलं की रात्रीची राखण सुरू करा. मात्र पाणी मातीने गढूळ असेल तर हे माप शेवाळाबद्दल काहीच सांगत नाही. पेल्यात घेऊन रंग पाहा.

नवतपा, वळीव आणि झड

वर्षभर बरं चाललेलं तळं याच तीन वेळी दगा देतं, आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, पाणी कमी झालेलं असतं. नागपूरच्या मे महिन्यात रोज सेंटीमीटरभर पाणी तर नुसतं उडून जातं, शिवाय बागेला उपसा सुरू असतो. तळं उतरतं असल्यामुळे अर्ध्या खोलीला अर्धं पाणी नसतं. ३ मीटरचं तळं दीड मीटरवर आलं की ९७६ घनमीटरच उरतं, म्हणजे ४४ टक्के. मासे, शेवाळाचं खत, गाळ सगळं तेवढंच, पाणी मात्र निम्म्याहून कमी. म्हणून विक्रीयोग्य मासे एप्रिलमध्येच काढा. जास्त वजन मिळेल म्हणून जूनपर्यंत थांबण्यात धोका मोठा आहे.

वळवाच्या पावसाचं गणित निराळं. उन्हाळ्यात वरचं पाणी दुपारी ३४ अंशांवर जातं, तळाचं २८ वर राहतं. गरम पाणी हलकं, थंड जड, त्यामुळे दोन थर बनतात आणि ते एकमेकांत मिसळत नाहीत. खालच्या थरात ऊन पोचत नाही, ऑक्सिजन संपतो, गाळातून सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड आणि अमोनिया साठत जातो. मग वादळी वारा आणि गार पावसाची सर येते, वरचा थर एकदम थंड होऊन खाली बसतो आणि तळाचं पाणी वर येतं. तासाभरात अख्ख्या तळ्याचा ऑक्सिजन खाली जातो, भर दुपारीसुद्धा. यावर इलाज आधीच करायचा: मार्चपासून रोज दुपारी बारा ते दोन एरेटर चालवा. त्या वेळी वरच्या पाण्यात ऑक्सिजन मुबलक असतो, तो खाली पोचतो आणि थर बनतच नाहीत. मात्र महिनाभर बंद असलेला एरेटर खोल तळ्यात एकदम जोरात सुरू करू नका. तुम्हीच तळ पालटून टाकाल.

पावसाळ्यातली झड सर्वांत फसवी, कारण पाणी भरलेलं असतं आणि हवा गार असते. तीन-चार दिवस सूर्य दिसत नाही. दिवसाची कमाई बंद, रात्रीचा खर्च चालू. पहिल्या ढगाळ दिवशी खाद्य निम्मं करा, दुसऱ्या दिवसापासून बंद. मासा चार दिवस उपाशी राहिला तर त्याचं काही बिघडत नाही. याच काळात शेवाळ एकदम मरूही शकतं: पाणी एका रात्रीत हिरव्याचं राखाडी-तपकिरी होतं, फेस येतो, पारदर्शकतेचं झाकण अचानक खोलवर दिसायला लागतं. पाणी स्वच्छ झालं म्हणून हायसं वाटतं, पण धोक्याचे दिवस इथूनच सुरू होतात. मेलेलं शेवाळ कुजताना ऑक्सिजन जातो आणि अमोनिया शोषून घेणारंही कोणी उरत नाही. पुढचा आठवडाभर रात्रभर एरेटर चालू ठेवा.

मोरचूद आणि चुना टाकण्याआधी

मोरचूद (तांब्याचा निळा क्षार, कॉपर सल्फेट) टाकून शेवाळ मारण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. उन्हाळ्यात, गच्च हिरव्या तळ्यात तो पाळला तर वर सांगितलेला शेवाळमरीचा प्रसंग तुम्ही स्वतः घडवून आणता. शिवाय पाणी जड (चुन्याचे क्षार असलेलं) नसेल तर तांबं माशांनाच विषारी ठरतं. टाळाच.

चुन्याचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि दुसरं विषारी. कुठलं किती, हे पीएच (पाणी आम्ल की अल्क याचं माप, ७ च्या वर अल्क) ठरवतो. ३० अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर विषारी भाग १ टक्क्याहून कमी, ८ ला साडेसात टक्के, ९ ला ४५ टक्के. आता हिरव्या पाण्यातलं शेवाळ दुपारपर्यंत कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि पीएच स्वतःच ९ कडे नेतं. अशा दुपारी कळीचा चुना टाकला तर पीएच आणखी चढतो आणि काल निरुपद्रवी असलेला अमोनिया आज मासे मारतो. चुन्याने मासे मेले ही तक्रार बहुतेक अशीच घडलेली असते. विदर्भातल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे मुळातच असतात, त्यामुळे मातीच्या तळ्याला बहुधा चुन्याची गरजही नसते.

प्लास्टिक अंथरलेल्या तळ्याचं तसं नाही. पावसाच्या पाण्यात क्षारता (पीएचला धरून ठेवणारे चुनखडीसारखे क्षार) जवळपास शून्य, आणि प्लास्टिकमुळे मातीतली चुनखडी पाण्याला भेटतच नाही. पीएचला आवर घालणारं काही उरत नाही, तो सकाळी ७ आणि दुपारी साडेनऊ असा झुलतो. इथे क्षारता वाढवायला हवी, पण कळीच्या चुन्याने नव्हे, चुनखडीच्या भुकटीने. क्षारता ३० पीपीएमवरून ८० वर न्यायची तर घनमीटरमागे ५० ग्रॅम, भरलेल्या तळ्याला ११० किलो. ती तीन-चार हप्त्यांत, सकाळी सूर्योदयाच्या सुमारास टाका. रात्रभरात साठलेला कार्बन डायऑक्साइड त्या वेळी भरपूर असतो आणि चुनखडी त्यातच विरघळते. दुपारी टाकलेली तशीच तळाशी जाऊन बसते.

हिरवेपणा येतो कुठून

संत्र्याच्या बागेतलं खत पहिल्या पावसात वाहून येतं हे सगळ्यांना दिसतं. त्यासाठी तळ्याच्या काठाला वरच्या बाजूने फूटभर बांध आणि दोन-तीन मीटर गवताची पट्टी पुरते. खाद्याचं खत मात्र लक्षात येत नाही. ३० टक्के प्रथिनांच्या १०० किलो खाद्यात ४.८ किलो नत्र असतं. माशाच्या अंगात त्यातलं पाव ते तिसरा हिस्सा जातं, उरलेलं साडेतीन किलोच्या आसपास विष्ठा आणि अमोनिया होऊन पाण्यात येतं. म्हणजे खाद्याच्या प्रत्येक क्विंटलमागे साडेसात किलो युरिया तळ्यात ओतल्यासारखं आहे. वर पुन्हा कोणी शेण टाकत असेल तर पाणी हिरवंगार न होणंच नवल. खाद्य सुरू असलेल्या आणि ३० सेंटीमीटरच्या आत पारदर्शकता असलेल्या तळ्यात शेण अजिबात टाकू नका.

कोंडा-ढेप पाण्यावर भुरभुरू नका. भिजवून गोळे करा आणि टोपलीत ठेवून दोन फूट खाली टांगा. दोन तासांनी टोपली वर काढून पाहा. काही उरलं असेल तर उद्याचं खाद्य तेवढ्याने कमी. वेळ सकाळी नऊ-दहाची. खाल्ल्यावर पुढचे काही तास माशाचा ऑक्सिजनचा खप वाढतो, तो दिवसाउजेडी व्हायला हवा. संध्याकाळी खाऊ घातलं तर तो भार नेमका रात्रीवर पडतो.

एवढं करूनही दुसऱ्या वर्षी पाणी हिरवंच राहिलं तर हात घालून गाळ वर काढा. वरचा पापुद्रा तपकिरी असेल तर बरं आहे. वरपासूनच काळा, लोण्यासारखा गुळगुळीत आणि वास मारणारा असेल तर खत आता गाळातूनच येतंय. मातीतलं लोह ऑक्सिजन असेपर्यंत स्फुरदाला धरून ठेवतं. तळाशी ऑक्सिजन संपला की लोहाचं रूप बदलतं, ते पाण्यात विरघळतं आणि धरलेला स्फुरद सुटतो. शेवाळ वाढतं, मरून तळाशी पडतं, कुजताना पुन्हा ऑक्सिजन संपवतं, आणखी स्फुरद सुटतो. हे चक्र बाहेरून खत न पडताही वर्षानुवर्षं फिरत राहतं. सांडपाणी मुरलेल्या शहरातल्या जुन्या तलावांतही हेच घडतं, आणि म्हणूनच वरची जलपर्णी काढून तलाव कायमचा सुधारत नाही. वाऱ्याच्या दिशेच्या कोपऱ्यात पोपटी रंग सांडल्यासारखा तवंग दिसू लागला, तर ते निळं-हिरवं शेवाळ आहे. त्या कोपऱ्यावर गुरांना पाणी पाजू नका, त्यातलं विष जनावराच्या यकृतावर जातं.

गाळ काढायची वेळ मे अखेरची, तळं तळाला गेलेलं असताना. मातीच्या तळ्यात वरचा काळा थर खरवडून काढा आणि उरलेली जमीन भेगा पडेपर्यंत वाळू द्या. भेगांतून हवा आत जाते आणि काळी माती पुन्हा तपकिरी होते, तो रंग दिसल्याशिवाय पाणी घेऊ नका. प्लास्टिकच्या तळ्यात फावडं लावू नका, कागद फाटतो. रबरी पट्टीच्या ओढणीने गाळ एका कोपऱ्यात आणा आणि मड पंपाने उपसा. हा गाळ संत्र्याच्या झाडाच्या बुंध्यापासून तीन-चार फूट लांब, आळ्यात पातळ पसरा. वाळल्यावरच मातीत मिसळा.